आंबेनळी घाटात पेडल तळाला गेलं: बूस्टर, ब्रेक ऑइल की आणखी काही?

सुपारीचं खांड

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहितो.

मागच्या रविवारी महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरत होतो. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ८६ हजार किमी झालेली. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. गाडीत मी, बायको, आई, आणि डिकीत गावच्या पूजेचं सामान.

प्रतापगडचा फाटा मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग जळका वास यायला लागला. पुढे एक टेम्पो होता, वाटलं त्याचाच. एका वळणावर पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. पुढच्या वळणावर आणखी खाली, पावाच्या लादीवर पाय ठेवल्यासारखं. तिसऱ्या वळणावर सरळ तळाला! भराभरा चार-पाच वेळा पंप केलं तेव्हा थोडं काहीतरी लागलं. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढत डोंगराच्या बाजूला गटाराशी गाडी उभी केली. आईला सांगितलं, इंजिन गरम झालंय. पुढच्या उजव्या चाकातून धूर येत होता.

गंमत पुढेच आहे. पाऊण तास थांबलो आणि पेडल पूर्ववत झालं! जणू काही घडलंच नाही. बैलगाडीच्या चालीने पोलादपूर गाठलं.

पुण्यात परत आल्यावर गॅरेजला दाखवलं. त्यांनी चक्कर मारली आणि म्हणाले, बूस्टर गेलाय, मजुरीसकट साडेनऊ हजार. ब्रेक पॅड आठच महिन्यांपूर्वी तिथेच बदललेत. मला पटत नाहीये, पण न पटायला कारणही सापडत नाहीये. घरी काही तपासता येईल का?

रिकामी बाटली

सुखरूप आलात हे महत्त्वाचं. एकच प्रश्न: गिअर कुठला होता?

सुपारीचं खांड

खरं सांगू? बराच वेळ चौथा. आणि जिथे सरळ उतार मिळाला तिथे न्यूट्रल. पेट्रोल वाचतं म्हणून.

रिकामी बाटली

हं.

बाप्या मिस्त्री

नमस्कार. मी साताऱ्याकडं गॅरेज चालवतो, एकवीस वर्षं झाली. कुणाच्या गॅरेजला नावं ठेवायची नाहीत, पण बूस्टर नाही हो हा.

बूस्टर म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमनं पायाचा जोर वाढवणारा डबा. तो गेला की पेडल दगड होतंय. दोन्ही पायांनी दाबलं तरी गाडी थांबता थांबत नाही. तुमचं पेडल मऊ झालं, तळाला गेलं, आणि गार झाल्यावर आपोआप वर आलं. खराब बूस्टर गार झाला म्हणून दुरुस्त होत नाही.

मी गिऱ्हाइकाला आधी पायाचं विचारतो. पेडल कडक आहे आणि गाडी थांबत नाही, तर बूस्टर नाहीतर त्याचा व्हॅक्यूमचा पाइप बघायचा. पेडल कायमच स्पंजासारखं, पंप केल्यावर वर येतंय, तर लाइनीत एअर. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, पेडल दाबून धरलंय आणि ते हळूहळू आपलं आपण खाली चाललंय, बाहेर गळती कुठंच नाही, तर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबलं की लाइनीत ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याच्या, आतल्या रबरी वायसर खलास. आणि घाटातच मऊ, सपाटीला एकदम बेस्ट, तर ऑइल उकळलंय. तुमचं हेच.

बूस्टरची खात्री घरीच करा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली बोटभर खाली गेलं तर बूस्टर ठणठणीत आहे. साडेनऊ हजार खिशात.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय?

सुपारीचं खांड

मिस्त्री, दंडवत. आत्ता पार्किंगमध्ये जाऊन केलं. पेडल खाली जातंय. म्हणजे बूस्टर चालू आहे!

ब्रेक ऑइल… टॉप-अप केलेलं आठवतंय. बदललेलं नाही आठवत. बहुतेक कधीच नाही.

रिकामी बाटली

म्हणजे बारा वर्षांचं मुरलेलं लोणचं.

निवृत्त मास्तर

ऑइल उकळलं हे ऐकायला अजब वाटतं म्हणून थोडं गणित मांडतो. पेशाने भौतिकशास्त्राचा शिक्षक, सवय जात नाही.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर. पोलादपूर जवळपास तळाशी. म्हणजे चाळीसेक किलोमीटरांत गाडी १,३०० मीटर खाली येते. माणसं-सामान धरून गाडीचं वजन १,३०० किलो धरू. एवढ्या उंचीवरून ती खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती साधारण १६५ लाख जूल. आकडा निरर्थक वाटत असेल तर असं बघा: आंघोळीच्या गार पाण्याच्या तीन बादल्या, म्हणजे पन्नासेक लिटर पाणी, उकळीला आणायला एवढी उष्णता लागते.

त्यातली निम्मी टायर आणि वारा खातात. उरलेली निम्मी एकतर इंजिन खाईल नाहीतर ब्रेक. न्यूट्रल केलंत की इंजिन जेवणाच्या पंगतीतून उठलं. सगळं ताट ब्रेकच्या पुढ्यात! पुढच्या दोन डिस्क मिळून किती, दहा-बारा किलो लोखंड. त्यांनी ही उष्णता वाऱ्यावर सोडायची, नाही सुटली तर पॅडमधून कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिस्टनला, आणि तिथून ऑइलला.

आता ऑइल. नावाला ऑइल, पण ते तेल नव्हेच, ग्लायकोल जातीचा द्रव असतो, आणि तो हवेतला ओलावा पितो. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून, थोडा थोडा करत. डॉट ३ दर्जाचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. बारा वर्षांच्या ऑइलात किती पाणी असेल याचा तुम्हीच विचार करा.

उकळलं की वाफेचे बुडबुडे. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. तुमचा पाय बुडबुडे दाबत होता. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी, पेडल पूर्ववत.

मुक्काम पोस्ट दापोली

मास्तर, पंगतीचा दृष्टान्त बेहद्द आवडला.

पण एक शंका. माझ्या वडिलांची फियाट होती, ते कुंभार्लीला उतरताना हमखास न्यूट्रल करायचे. कधी काही झालं नाही. पेट्रोलही वाचायचं म्हणे.

बाप्या मिस्त्री

त्या कार्बोरेटरच्या गाड्या, त्यांचं गणित वेगळं. आत्ताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून, अॅक्सिलेटर सोडून उतरलात तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल पार बंद करतोय. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतंय. म्हणजे न्यूट्रल करून तुम्ही जास्त जाळलं, वर ब्रेकबी जाळले.

आणि कधी काही झालं नाही म्हणणारेच सगळे माझ्याकडं टोचन लावून येतात.

चाकोरीबाहेर

+१. त्यात इंजिनच बंद करून उतरणारे महाभाग वेगळे. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, पॉवर स्टिअरिंग जातं, आणि किल्ली चुकून पूर्ण मागे फिरवून काढली तर स्टिअरिंग लॉक. आम्ही कात्रजच्या बाजूला राहतो. नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार रोजचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रेलरने डझनावारी गाड्या चिरडल्या. पहिल्या दिवशी सगळीकडे ब्रेक फेल, नंतर बातम्या आल्या की उतारावर इंजिन बंद केलं होतं. त्यांचे हवेचे ब्रेक, पण चूक तीच.

ज्या गिअरने चढ चढाल त्याच गिअरने उतरा, हे माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी सांगितलेलं. ऑटोमॅटिकवाल्यांनीही डी मध्ये टाकून स्वस्थ बसू नये. एल किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच असतो.

धागाकर्त्यांना एक विचारायचं होतं: धूर फक्त उजव्या चाकातून? डाव्यातून नाही?

सुपारीचं खांड

फक्त उजव्या. आता तुम्ही विचारल्यावर आठवतंय, त्या चाकाची रिम गेले दोन-तीन महिने जास्त काळी होते. धुतली की आठवड्यात परत काळी.

चाकोरीबाहेर

मग नुसतं ऑइल नाही. तो कॅलिपर पॅड सोडत नसणार. चाक काढून बघाच. तुमच्याकडे तरंगता कॅलिपर असणार: पिस्टन एकाच बाजूला, आतल्या पॅडला ढकलतो, आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना सुकल्या किंवा गंजल्या की सरकणं बंद. आतला पॅड डिस्कला घासत राहतो, कायम गरम. पॅड बदलताना पिना काढून साफ करायच्या असतात. पुष्कळ ठिकाणी तेवढं करत नाहीत. खालचा बोल्ट काढला, कॅलिपर उचलला, पॅड टाकले, पंधरा मिनिटांत गिऱ्हाईक मोकळं.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. सपाट जागा, पहिला गिअर, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. जॅकवर एकट्या भरवसा नको, खाली स्टँड लावा. स्टँड नसेल तर काढलेलं चाक तरी चौकटीखाली सरकवून ठेवा. पाय-डोकं गाडीखाली घालायचं नाही.

रिकामी बाटली

ताई, तुम्ही गॅरेजवाल्या का?

चाकोरीबाहेर

नाही हो, बँकेत आहे. २०१९ मध्ये एका गॅरेजने माझ्या स्कूटरचे मागचे ब्रेक शू बदलल्याचे पैसे घेतले आणि जुनेच परत बसवले. त्या दिवसापासून पाने घेतले. :)

सुपारीचं खांड

शनिवारचा वृत्तांत. फोटो चढत नाहीयेत म्हणून शब्दांत.

उजवं चाक काढलं. कॅलिपरच्या मागे दोन बोल्ट, माझ्या गाडीला १४ चा पाना लागला. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलायला गेलो तर तो हलेना. वरची पिन गुळगुळीत सरकत होती. खालची पिन जणू वेल्डिंग केलेली. तिचं रबरी बूट एका बाजूला फाटलेलं, आणि त्या फटीतून वर्षानुवर्षं पाणी गेलेलं. गंज सुटायचं तेल मारून अर्धा तास ठेवलं, पकडीत धरून डावी-उजवीकडे फिरवत फिरवत बाहेर काढली. तिच्यावरचं ग्रीस वाळून च्युइंगगमसारखं झालेलं, टोकाला तांबूस गंजाची चकती.

पॅड: बाहेरचा जवळजवळ सात मिलिमीटर. आतला दोनला टेकलेला, एका कडेने तिरका, वरून काचेसारखा चकचकीत. डिस्कला आतल्या बाजूने निळसर झाक आलीये. आठ महिन्यांपूर्वी दोन्ही एकाच डब्यातून निघाले होते! डावीकडे बघितलं तर दोन्ही पॅड सारखे झिजलेले, पिना ठीक.

चाकोरीबाहेर ताई, तुम्ही चाक न बघता सांगितलंत. साष्टांग.

चाकोरीबाहेर

काळी रिम बोलते हो. :)

आता पुढचं. पिन पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, खोलगट नळी ब्रेक क्लीनर मारून पुसा. गंजाने खड्डे पडले असतील तर पिन नवीनच घ्या, बूटसकट संच मिळतो. ग्रीस मात्र सिलिकॉनचंच, ब्रेकच्या पिनांसाठीचं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस भरलंत तर रबर फुगतं आणि पिन परत अडकते. पॅड दोन्ही चाकांचे मिळून बदला. एकाच बाजूचे नवे टाकले तर ब्रेक लावल्यावर गाडी एकीकडे ओढेल. निळ्या पडलेल्या डिस्कची जाडी मापून घ्या. किमान जाडी डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर लेथवर फेस मारून आणखी पातळ करण्यात अर्थ नाही.

पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ऑइल वर चढतं. आधी सिरिंजने थोडं काढून घ्या. रंगावर सांडलं तर रंग सोलतं, लगेच भरपूर पाणी ओता. आणि कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

बाप्या मिस्त्री

ताईंनी काय ठेवलंच नाही सांगायला. दोन गोष्टी फक्त.

धूळ तोंडानं फुंकू नका, हवाबी मारू नका. जुन्या लायनरात अॅसबेस्टॉस असतंय, अजूनबी स्वस्त मालात असतंय. ओल्या फडक्यानं पुसा, मास्क लावा. आमच्या पिढीनं कॉम्प्रेसरनं उडवली, आता खोकतोय.

मागच्या चाकाला डिस्क असणाऱ्यांनी पिस्टन शिकंजात धरून दाबू नका. हँडब्रेक त्यातच असेल तर तो पिस्टन फिरवत आत घालायचा असतो. जोर लावला की आतली यंत्रणा मोडली.

मुक्काम पोस्ट दापोली

आणि पॅड बदलल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल पंप करून कडक करून घ्या. हे कुणीच सांगितलं नाही म्हणून सांगतो, कारण मी फार महागात शिकलोय.

लॉकडाऊनमध्ये पॅड बदलले. सगळं शास्त्रोक्त. नट आवळले, हात धुतले, चहा प्यायलो. गाडी रिव्हर्समध्ये टाकली, ब्रेक दाबला तर पाय थेट पत्र्याला. पिस्टन मागे ढकललेला, पॅड डिस्कपासून लांब! पहिले चार-पाच दाब पिस्टन पुढे यायलाच जातात. अंगणात आजीने बांधलेलं तुळशीवृंदावन होतं, अठ्ठावन्न वर्षं उभं. होतं.

आई आजही त्या गाडीत बसत नाही.

रिकामी बाटली

=)) =)) तुळशीचं काय झालं?

मुक्काम पोस्ट दापोली

तुळस वाचली. डिकीत.

अर्धा लिटर

चांगला धागा. माझीही कबुली नोंदवून घ्या. कॉलेजात असताना मामाच्या जीपचं ब्रेक ऑइल कमी दिसलं. शेल्फवर पॉवर स्टिअरिंगचं ऑइल होतं, रंग जवळपास तसाच, ओतलं शंभर मिली. दोन दिवसांत सगळे ब्रेक धरून बसले, चारही चाकं जाम. खनिज तेलाने ब्रेकच्या आतलं रबर फुगतं. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, होज, सगळ्याची रबरं बदलावी लागली. मामा बोलला काहीच नाही. नुसतं बिल दाखवलं.

म्हणून टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचून तेच घाला. डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं, दोन्ही ग्लायकोलचीच. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. आणि ५.१ म्हणजे ५ नव्हे, ते परत ग्लायकोलचंच. नावं ठेवणाऱ्याला भेटायची इच्छा आहे.

निवृत्त मास्तर

आणि फोडलेली बाटली कपाटात वर्षभर ठेवून वापरू नका. ती तिथेही पाणी पितच असते.

सुपारीचं खांड

आता ऑइल बदलायचं आहे. मिस्त्री, घरी जमेल का? की तुमच्यासारख्यांकडे नेऊ?

बाप्या मिस्त्री

जमंल. पण एकट्यानं नाही, पेडलवर माणूस पाहिजे आणि तुमचं ऐकणारं पाहिजे.

आधी टाकीतलं जुनं काळं ऑइल सिरिंजनं काढा, फडक्यानं पुसा, नवं भरा. म्हणजे घाण सगळ्या लाइनीतनं फिरवावी लागत नाही. मग मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्याकडं मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांना क्रम वेगळा असतोय, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. एबीएसवाल्या काही गाड्यांत एअर शिरली तर स्कॅनर लावून पंप चालवावा लागतोय, ते घरी नाही व्हायचं.

निपल म्हणजे चाकामागं ऑइल सोडायचा बारका पोकळ बोल्ट. त्याला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत ऑइलमध्ये बुडवलेलं. आतला माणूस पेडल दाबून धरणार, तुम्ही निपल पाव आटा सोडणार, ऑइल येणार, निपल बंद, मग ओरडायचं "सोड". निपल उघडा असताना पेडल सोडलं की हवा आत. नळीत स्वच्छ ऑइल आलं, बुडबुडा नाही, की पुढचं चाक. दर सात-आठ दाबांनी टाकी बघायची. टाकी रिकामी झाली तर सगळा घाट परत पयल्यापासून.

आता खरी गोष्ट, जी पुस्तकात नसते. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरची वायसर अर्ध्याच भागात फिरते, पुढच्या भागात गंज-घाण बसलेली असते. एअर काढताना पार तळाला दाबलं की वायसर त्या गंजावरनं घासून फाटती. गाडी सकाळी चांगली आली, संध्याकाळी मास्टर सिलिंडर गेला, आणि गिऱ्हाईक म्हणतंय मिस्त्रीनं बिघडवलं. पेडलखाली दोन इंचाचा लाकडी ठोकळा ठेवा.

निपल गच्च असंल तर जोर नको. रिंग पानाच लावा, फिक्स नको, कोपरे जातात. रात्रभर तेलात ठेवा. मोडला तर कॅलिपर बदलायची पाळी.

मिसळीतला पाव

मी म्युनिकजवळ राहतो. इथे नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावंच लागतं. चाकं रोलरवर फिरवून डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक वेगवेगळा मोजतात. धागाकर्त्यांची अडकलेली पिन तिथे पाच मिनिटांत दिसली असती. गेल्या वेळी माझा मागचा एक ब्रेक कमी भरला, स्टिकर दिलं नाही, दुरुस्त करून परत रांगेत. तेव्हा त्या माणसाला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या होत्या, मराठीत.

अर्धा लिटर

आपल्याकडे खाजगी गाडीला पंधरा वर्षं होईपर्यंत कुणी ब्रेकचं विचारत नाही. पीयूसी तेवढी काढा, धूर स्वच्छ पाहिजे. थांबली नाही तरी चालेल.

रिकामी बाटली

अवांतर: इलेक्ट्रिकवाल्यांना हे सगळं नकोच ना? मोटरच ब्रेक लावते.

निवृत्त मास्तर

बऱ्याच अंशी खरं. पण महाबळेश्वरला रात्रभर चार्जिंग करून बॅटरी शंभर टक्के भरली आणि सकाळी घाट उतरायला लागलात, तर ती ऊर्जा ठेवायला जागा कुठे? मोटरचं ब्रेकिंग जवळपास बंद, सगळं परत डिस्कवर. वर मुक्काम असेल तर बॅटरी थोडी रिकामी ठेवून उतरावं. शिवाय त्यांच्या मागच्या ड्रमना काम कमी, त्यामुळे ते गंजायला मोकळे.

मुक्काम पोस्ट दापोली

गंजाचं आम्हाला विचारा. जूनमध्ये गाडी हँडब्रेक लावून चार दिवस उभी केली की मागचे लायनर ड्रमला चिकटलेच. पाचव्या दिवशी निघताना मागची चाकं फरपटत येतात. पावसाळ्यात आम्ही हँडब्रेक लावतच नाही. पहिला गिअर आणि चाकाला जांभा.

बाप्या मिस्त्री

बरोबर. घाट उतरून आल्या आल्याबी हँडब्रेक करकचून ओढू नका, ड्रम गार होऊ द्या. चिकटलेला ड्रम घण मारून काढणारे बघितलेत, ड्रमला तडा जातोय. बऱ्याच ड्रमना दोन आट्याची भोकं असतात, त्यात ८ एमएमचे बोल्ट सारखे सारखे आवळत जायचं, ड्रम आपोआप बाहेर येतोय.

आणि पहिल्यांदा लायनर बदलणाऱ्यांनी दोन्ही ड्रम एकदम उघडू नका. एक खोला, पुरा बसवा, मग दुसरा. स्प्रिंगा कुठनं कुठं गेल्यात हे विसरलं की दुसऱ्या बाजूला जाऊन बघता येतंय. आमच्या उस्तादानं हेच पहिलं शिकवलं.

सुपारीचं खांड

शेवटचा वृत्तांत.

पिन-बूटचा संच, पुढचे चार पॅड, डॉट ४ ची अर्ध्या लिटरची एक आणि पाव लिटरची एक बाटली, सिलिकॉन ग्रीसची पुडी, सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत बसलं. डिस्क मापात निघाली, तशीच ठेवली. वर दोन हजार निपलने घेतले: मागचा डावा हलेना. मोडायच्या भीतीने जवळच्या दुसऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी उष्णता देऊन सोडवला आणि नवाच टाकला, बाकी तीन चाकं मी घरी केली.

पेडलवर बायको. "दाब… धर… सोड", असं साधारण साठ वेळा. बाविसाव्या वेळी तिने विचारलं, "धर म्हणजे दाबून धर की सोडून धर?" आणि विचारता विचारता सोडलं. नळीतून बुडबुडा आत जाताना मी डोळ्यांनी बघितला. ते चाक परत पहिल्यापासून. मग आम्ही "एक-दोन-तीन" वर आलो. ठोकळा म्हणून जुना पाट वापरला, बरोबर बसला.

जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं होतं, तळाला काळी साय. नवं जवळजवळ पाण्यासारखं. दोन बाटल्या शेजारी ठेवल्यावर अंगावर काटा आला. बारा वर्षं ह्याच्या भरवशावर उतरलो!

पहिले दोनशे-अडीचशे किलोमीटर नवे पॅड बसेपर्यंत जोरात ब्रेक मारायचे टाळले. काल परत पोलादपूरला उतरलो. दुसरा-तिसरा गिअर, ब्रेक दाबायचा तो वळणाआधी, वेग पाडायचा आणि पाय काढून घ्यायचा. इंजिन तीन हजारांवर गुरगुरत होतं. आईने दोनदा विचारलं, गाडी एवढी ओरडते कशाला. खाली उतरून दोन्ही पुढच्या रिमांजवळ तळहात नेला, टेकवला नाही. दोन्ही सारख्याच गरम.

चाकोरीबाहेर

वा! महिन्याभरात एकदा पिनेचं बूट नीट बसलंय ना बघा. आणि ऑइल बदलल्याची तारीख मार्करने टाकीजवळ लिहून ठेवा, दोन वर्षांनी परत.

अर्धा लिटर

जुन्या ऑइलचं काय केलंत? गटारात नाही ना ओतलं?

सुपारीचं खांड

नाही नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून बाल्कनीत ठेवलंय. रंग अगदी काढ्यासारखा, म्हणून आईने वर पट्टी चिकटवलीये: "औषध नव्हे."

बाप्या मिस्त्री

आज रात्रीच खाली ठेवा ती बाटली. विषारी असतंय. पोरंबाळं येतात घरी. मिस्त्रींकडं द्या, इंजिन ऑइलच्या बॅरलात मिसळू नका म्हणावं, वेगळं ठेवतात.

सुपारीचं खांड

ठेवली. गाडीच्या डिकीत, कुलपात. उद्या सकाळी देतो.